लाल दोऱ्याचा दाताळ्या

चेकरबाईंच्या अंगठ्याला अख्खी गल्ली वचकून होती. एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात त्यांनी एकच काम केलं. शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि खोट सापडली की म्हणायचं, "रिजेक्ट." मग त्या पीसला कात्री लागायची, मागच्या दारानं विकला जाऊ नये म्हणून. माल मालकाच्या मेव्हण्याचा असो नाहीतर स्वतःच्या नणंदेनं शिवलेला, बाईंच्या तोंडून खोटा 'पास' कधी निघाला नाही. नणंद सहा महिने बोलत नव्हती. नसेना का!

निवृत्तीनंतर हा अंगठा गप्प बसला असता, पण तेवढ्यात दाताळ्याचं खूळ आलं. दाताळ्या म्हणजे वीतभर उंचीचं, केसाळ, सात दात विचकून हसणारं बाहुलं. चांगली शिकलीसवरलेली माणसं त्याच्यासाठी रांगा लावायची आणि पर्सला अडकवून मिरवायची. आता बोला! हौसेला मोल नाही म्हणतात, पण नकलांना तर ऊतच आला होता. एकदा भाचीनं कौतुकानं आपला दाताळ्या मावशीच्या हातात दिला. बाईंचा अंगठा त्याच्या पाठीवर अडला.

"कापूस भरून झाला की इथं हातानं टाके घालायचे असतात. हे मशीननं दामटलंय. खोटा आहे गं."

झालं, बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दर रविवारी दुपारी बाईंच्या बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग पडायला लागला. बँकेतल्या कॅशियरबाई यायच्या, दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, एक रिटायर्ड फौजदारसुद्धा पिशवीत लपवून आणायचे. खोट्या दाताळ्याच्या कानाला बाई लाल दोरा बांधायच्या, पुढे कुणी खरा म्हणून खपवू नये म्हणून. कात्री लावावी असंही त्यांच्या मनात होतं, पण फौजदारांचा चेहरा बघून त्यांनी तो विचार सोडला.

बाईंचे यजमान बसचे कंडक्टर होते, तेही आता घरीच. कोपऱ्यात पेपरामागे बसून बायकोला विचारायचे, "डॉक्टर, आज पेशंट किती?" पण कान सगळे इकडे. या माणसानं बायकोसाठी अख्ख्या संसारात एकच वस्तू स्वतः पसंत करून आणली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एक स्वेटर. बाईंनी तो उलटा करून पाहिला आणि सवयीनं बोलून गेल्या, "काखेत उसवणार हा." महिन्याभरात उसवलाच. तेव्हापासून यजमान हातावर पैसे ठेवायचे, "तूच आण, तुला कळतं." बाईंना ते फार लागलं होतं, पण शब्द परत थोडाच घेता येतो!

आणि परवाच्या रविवारी, भरल्या खोलीत, यजमानांनी पेपर खाली ठेवला आणि खिशातून दाताळ्या काढला.

"सगळ्यांचे तपासतेस, तुझा स्वतःचा एक नाही. घे. दात मोजून आणलाय. बरोबर सात."

बाईंनी तो घेतला. नको नको म्हणत असताना अंगठा पाठीवर गेलाच, आणि अडला. डॉक्टरीणबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, म्हणा पास, कुणाचं काय जातंय! पास म्हणावं तर जन्मभराची जीभ विटाळते, आणि खरं बोलावं तर हा माणूस पुन्हा कधी काही आणायचा नाही.

"खोटा आहे हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

यजमानांचं तोंड एवढंसं झालं. "वाटलंच मला. दे इकडे, परत करून येतो."

"हात तर लावून बघा!" बाईंनी दाताळ्या छातीशी धरला. मग लाल दोरा घेऊन त्याच्या कानाला पक्की गाठ मारली. "एकतीस वर्षं रिजेक्ट माल कात्रीखाली गेला. एखादा फार आवडायचा मला, पण घरी न्यायची सोय नव्हती. हा मी ठेवणार."

"अगं, पण खोटा ना?"

"खोटा आहे, म्हणून तर दोरा बांधला. आणि तो उसवलेला स्वेटर चार हिवाळे घातलाच ना मी?"

यजमान म्हणाले, "मला वाटलं, तुझ्याकडे दुसरा नव्हता."

"दोन होते," बाई म्हणाल्या, आणि फौजदारांच्या पिशवीसाठी हात पुढे केला.