वसीलाने पाणी चाखून पाहिलं

केलिबियाच्या बंदराला लागून माझं शिवणाचं दुकान आहे. कॅफेंच्या कनाती, ट्रकांच्या ताडपत्र्या, कधीमधी एखादं शीड. एका मार्चात वसीला बेन रोमदान हातगाडीवर शिडाची गुंडाळी घालून दारात आली आणि सलाम संपायच्या आत तिने विचारलं, "मुनीर, कापड शाबूत आहे, मग शिवणच का उसवली?"

वसीलाला गावात कोण ओळखत नव्हतं? एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली, खांबावर चढून तारा जोडणारी आमच्या भागातली पहिली बाई. लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. निवृत्त झाली आणि सहा महिन्यांत तिने एक शिडाची बोट लिलावात घेतली. कुणा परदेशी माणसाची नऊ मीटरची ती बोट बंदरामागच्या आवारात अकरा वर्षं टेकूंवर उभी होती. वसीला तोवर जन्मात कधी बोटीत बसली नव्हती.

"दोरा उन्हाने मरतो," मी म्हणालो. "कापडाच्या आधी तोच जातो."

"मग घडीच्या आत राहिलेला दोरा जिवंत असेल?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून घडी उलगडली, नखाने टाके ओरबाडून पाहिले. आतले टाके खरंच घट्ट होते. बाई अशी खूश झाली, जणू शीड नवंच मिळालं. मी अठ्ठावीस वर्षं शिवत होतो, पण टाका असा कधी निरखला नव्हता.

त्या बोटीवर तिला हाताशी मिळाले ते तिजानीकाका. चौऱ्याहत्तरीचे, होड्या बांधण्यात हयात गेलेली, जिभेला हाड नाही. ती त्यांना उस्ता म्हणायची, म्हणजे कारागिरांतला थोरला. वसीला एक एक फळी काढायची, एक एक नळी सोडवायची, प्रत्येकीचे स्क्रू हरिस्साच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या, रिकाम्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवायची. आतल्या विजेच्या तारा तर तिने झाडून सगळ्या बदलल्या.

"लल्ला, बोट म्हणजे टेलिफोन नव्हे, उठसूट उघडून बघायला!" काका ओरडायचे. लल्ला म्हणजे बाईसाहेब.

"न उघडता कळणार कसं उस्ता?"

"कळायचं कशाला? चालली की झालं!"

मी एकदा विचारलं, "एवढं करून जायचं कुठे?"

"आधी कर्कनाची बेटं. मग जमलं तर क्रीट. समुद्रातून आपला किनारा कसा दिसतो, ते मला कुणी नीट सांगितलेलंच नाही."

तिसऱ्या वसंतात बोट पाण्यात उतरली. मी, काका आणि वसीला, तिघं चाचणीला बाहेर पडलो. वसीलाला बोट लागली. बादलीत तोंड घालूनही ती विचारत होती, वारा समोरून असताना आपण पुढे कसे जातोय? परत आलो तर आतल्या फळ्यांवर पाणी चढलेलं.

"इंजिनाच्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, ते भोक," काकांनी निकाल दिला. त्यांनी तिथलं पाणी अडवायचं बांधण नवं केलं. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा पाणी. काकांनी पुन्हा बांधलं. मग बोट दहा दिवस धक्क्याला उभी राहिली आणि आत थेंबसुद्धा आला नाही. तिसऱ्यांदा गेलो, पाणी हजर.

वसीलाने त्यात तर्जनी बुडवून जिभेला लावली. "खारं आहे. म्हणजे प्यायच्या पाण्याची टाकी फुटलेली नाही."

"मग मी दुसरं काय सांगतोय? समुद्रच आत येतोय!"

"हो, पण उभ्या बोटीत का येत नाही?"

यावर काकांनी विडी शिलगावली.

पुढच्या आठवड्यात बाकाखालचा कप्पा पुसताना तिला लाकडावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले. चाळीस, पंचावन्न, एकशेवीस, तीस, एकशेदहा. प्रत्येकापुढे एक बाण, काही डावीकडे, काही उजवीकडे. तिने ते कागदावर उतरवले आणि बंदरभर विचारत सुटली.

"मासे मोजले असतील," काका म्हणाले.

"बाणाने?"

"पळून गेलेले मासे."

एका दुपारी माझ्या दुकानात अंडं भरून तळलेल्या ब्रिकचा घास तोंडात असतानाच ती उठली. "मुनीर, तो कप्पा हातपंपाच्या शेजारीच आहे! पंप मारणाऱ्याचे डोळे नेमके तिथेच जातात. तो परदेशी मालक पंपाचे हिसके मोजत होता. तळ कोरडा व्हायला किती लागले, ते."

"आणि बाण?"

"बोट कुठे कलली होती ते. बघ ना, मोठे आकडे सगळे डाव्या बाणापुढे. उभी असली की पाणी नाही, डावीकडे कलली की पाणी. म्हणजे भोक पाण्याच्या रेषेच्या वर आहे, डाव्या अंगाला."

काका हसून हसून खोकले. "पाण्याच्या वर भोक! लल्ला, आता तू मला समुद्र शिकव!"

तरी बोट पुन्हा टेकूंवर चढवायला त्यांनीच मदत केली. वसीलाने आतली डावी बाजू उघडी केली आणि लाकडाला कोरडं पीठ फासलं. मला विजेरी देऊन आत बसवलं. स्वतः बाहेर रबरी नळी घेऊन मागून सुरुवात केली. वीतभर भिजवायची, थांबायची, पुन्हा वीतभर. काका तिपाईवर बसून ओरडत होते, "मुनीर, भाकरी भाजली की हाक मार रे!"

अर्ध्या तासाने डोलकाठीच्या बाजूला, तिला ताणून धरणाऱ्या तारा जिथे बोटीला बांधलेल्या असतात त्या पट्टीखाली, पिठात एक काळी रेघ उतरली. "थांब!" मी ओरडलो. काका आत आले. पान्याने पट्टीचा पहिला बोल्ट सोडवला. डोकं आरशासारखं चकचकीत, आणि आतली दांडी कुरतडून पेन्सिलीएवढी राहिलेली. दुसरा बोल्ट पान्यातच कट्‌दिशी तुटला.

काकांनी तो तुकडा तळहातावर घेतला. अंगठ्याने त्याची कुरतडलेली बाजू चाचपली.

"तीनदा आपण ह्याच्यावर बाहेर गेलो," ते म्हणाले. "वारा त्या अंगाने जोरात आला असता तर डोलकाठी डोक्यात होती. आणि मी मागचं भोक बांधत बसलो. चुकलो मी."

तिजानीकाकांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. वसीलाचं मात्र लक्षच नव्हतं. ती तुटका बोल्ट उन्हात फिरवत होती. "बाहेर चकचकीत, आत कुजलेला. असं कसं होतं उस्ता?"

"नाही ठाऊक."

"मग विचारू या कुणाला तरी."

दोघं दुसऱ्याच दिवशी लेथवाल्या कारागिराकडे जाऊन बसली. त्याने सांगितलं, हे न गंजणारं पोलाद हवेवर जगतं. ओलीत कोंडून ठेवलं की आतून सडतं. काकांनी येताना ते मला असं ऐकवलं, जसं काही पहिल्यापासून त्यांना माहीतच होतं. दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट नवे बसले, जुना डिंकासारखा मसाला खरवडून नवा भरला.

जूनमध्ये आम्ही तिघं किनाऱ्यावरच्याच हम्मामेत गावाला निघालो. दुपारी वारा वाढला, बोट डावीकडे इतकी कलली की कठड्यावरून पाणी धावायला लागलं. मी दोराला घट्ट धरून बसलो होतो. वसीला तशीच खाली उतरली, गुडघ्यांवर बसून पट्टीखाली हात फिरवला. मग पंप मारला. तीन हिसके, नुसती हवा. वर आली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, तरी हसत होती.

"कोरडी आहे," ती म्हणाली आणि लगबगीने बादलीकडे वळली.

सुकाणूवरून काका म्हणाले, "लल्ला, पाणी अडवलंस, आता पोट अडव."

यंदा ती दोघं कर्कनाला गेली. काका सांगत होते, इंजिनावर नजर ठेवायला म्हणून जातोय, दोन दिवसांत परत येतो. त्याला आता तीन आठवडे झाले. परवा वसीलाचा फोन आला.

"मुनीर, इथले कोळी खजुरीच्या झावळ्या समुद्रात रोवून माशांसाठी वाट करतात. शेवटी सापळा. ज्या वाटेने आला त्या वाटेने मासा मागे का फिरत नाही?"

मी काही म्हणायच्या आत मागून काकांचा आवाज आला, "त्याला काय विचारतेस, तो शिंपी आहे! उद्या पहाटे कोळ्याबरोबर जाऊ, माशालाच विचारू."