सात नंबरची अंडी

आमच्या बदलापूरच्या घरात कोळ्यांना नंबर होते. मुलगी ऋतुजा प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिचा प्रकल्प आमच्याच छताला लटकलेला! एकाच पूर्वजाची ही सगळी पिलावळ. पण खिडकीतला कोळी वेगळं विणतो, माळ्यावरचा वेगळं. असं का, ते तिला शोधायचं होतं. म्हणून प्रत्येक जाळ्याशेजारी नंबराची चिठ्ठी चिकटवलेली.

"बाबा, हे डायनासोरच्याही आधीपासून आहेत."

"असतील. पण फ्लॅटचा हप्ता मी भरतोय!"

त्या शनिवारी बायको माहेरी, ऋतुजा कॉलेजात, आणि अंबरनाथहून ताईचा फोन आला, "विन्या, जेवायला येतेय रे." माझी ही थोरली बहीण घरात शिरली की आधी पंख्याची पाती बघते, मग भावाचं तोंड. माझी तंतरली. काठीला झाडू बांधला आणि छत लख्ख करून टाकलं! मात्र (मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे, लेबलाची किंमत जाणतो) एकाही चिठ्ठीला धक्का लागू दिला नाही. कोळी काय, पुन्हा विणतील, असा माझा हिशोब.

ऋतुजा आली आणि वर बघतच राहिली.

"बाबा, सात नंबरची पिशवी?"

"कसली पिशवी?"

"अंड्यांची! उद्या-परवा पिल्लं निघणार होती. त्यांचं पहिलं जाळं बघायचं होतं मला."

कचरा तर मघाशीच घंटागाडीत गेलेला! तसाच अनवाणी धावत सुटलो आणि नाक्यावर गाडी गाठली.

"क्या गिरा काका? सोना?"

"कोळ्याची अंडी!"

गाडीवाल्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "चल, आगे ले." मी मागून लटकलो. कोपरापर्यंत हात घालून उपसलं, तर हाती आली भेंडीची देठं! तोवर, यांच्या बायकोचं मंगळसूत्र गेलं म्हणे, असं समजून बिल्डिंगमधल्या बायका मदतीला धावल्या. खरी गोष्ट कळल्यावर एकीने मोठ्या मायेने मेलेलं झुरळ पुढे केलं. "हे चालेल का हो भाऊजी?"

हात हलवत परत आलो, तर ताई सोफ्यावर बसलेली. निदान एवढं तरी पदरात पडावं म्हणून म्हटलं, "वर बघ ना ताई, छत कसं आहे!"

"मला कुठलं दिसतंय रे? मोतीबिंदू पिकलाय."

आतल्या खोलीत ऋतुजा स्टुलावर चढून चिठ्ठ्या काढत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "करते परत सुरुवात," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

हल्ली ती जाळी बघायला बुवापाड्यात मैत्रिणीकडे जाते. एकदा न राहवून विचारलं, "आपल्या घरात आता काय कमी आहे गं? कोळी आलेत की परत."

"कमी काही नाही बाबा," ती म्हणाली. "तिच्या बाबांना घरकामाची हौस नाही."