व्हर्नाबाईंनी न केलेला फोन

अमेरिकेतल्या आमच्या टॅनर्स फोर्ड शहरात कुठे खुट्ट झालं की आधी व्हर्नाबाईंना कळायचं आणि मग त्यांच्याकडून पोलिसांना. पुढच्या ओट्यावर त्यांची लोखंडी खुर्ची असे आणि खुर्चीच्या हातावर फोन. पोरांनी मोटारसायकली उडवल्या की फोन. कुणाचा कुत्रा सकाळपासून केकाटतोय, फोन. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला आठवडा असताना कुणाला फटाक्यांची खुमखुमी आली, फोन. ठाण्यात फोन घेणारी मुलगी त्यांचा आवाज ओळखायची.

"बोला मिस व्हर्ना, आज कुणाचा नंबर?"

"कुणाचा का असेना, तू गाडी पाठव. पेट्रोल माझ्याच करातून भरता ना?"

लोक त्यांना नावं ठेवायचे. तोंडाचा पट्टा आहे, नसत्या उठाठेवी करते, नवऱ्यालाही हिच्या बडबडीनेच नेलं असणार, असं सगळं. नवरा पीट ड्रॅगोविच काचेच्या कारखान्यात होता. आधी कारखाना गेला, मग पीट. व्हर्नाबाईंची शाळेची बस तेवढी निवृत्तीपर्यंत टिकली.

त्या बसमध्ये त्यांचा एकच कायदा होता. कुणी कुणावर हात उचलला की बस थांबायची. रस्ता हमरस्ता असो, बर्फ पडत असो, त्या आरशात बघून म्हणायच्या, "बस थांबली." मारणाऱ्याने माफी मागेपर्यंत ती खरंच जागची हलत नसे. मागे गाड्यांची रांग लागे, लोक हॉर्न वाजवून वैतागत, तिकडे मुख्याध्यापक दातओठ खात. व्हर्नाबाई थर्मासमधली कॉफी पीत निवांत बसायच्या. आमच्या शहरातली निम्मी पोरं अशी माफी मागत मोठी झाली आहेत.

शॉना टिबेट्स मात्र माफी मागणाऱ्यांतली नव्हती, मार खाणाऱ्यांतली होती. नाक वाहतंय, कोटाचं बटण तुटलंय, अशी ती चालकामागच्या पहिल्या सीटवर चिकटून बसायची. तिच्यासाठी बस किती वेळा थांबली असेल याचा हिशेब नाही. ती मोठी झाली, मेसी नावाची मुलगी झाली, मुलीचा बाप पळाला. मधे वर्षभर शॉना नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागली, तेव्हा सरकारने मुलगी काढून दुसऱ्यांच्या घरी ठेवली. मग ही सावरली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे पलंग बदलायची नोकरी धरली आणि नेमकं व्हर्नाबाईंच्या शेजारचंच घर भाड्याने घेतलं. घर गेब्हार्ट नावाच्या मालकाचं, कोंदट, पण स्वतःचा पत्ता तर झाला. पत्ता झाला म्हणून मेसी परत मिळाली. दोन घरांच्या मधे एक गाडी जाईल एवढीच वाट होती आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. इकडे कुणी शिंकलं तर तिकडून "जपून गं" यायचं.

आता शहराच्या कायद्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो आम्हीच केला. आमच्या शहराला सुरक्षित म्हणवून घ्यायची हौस आली होती. शेजारच्या गावाने हमरस्त्यावर तसा फलक लावला आणि आमच्या पोटात दुखलं. चर्चच्या तळघरात सभा भरली. पोलीसप्रमुख मॅककॉर्ड उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट, दात पांढरे. म्हणाले, "ज्या घरातून फोन येतात त्याच घरात गुन्हा असतो. साधं गणित आहे. भाड्याच्या ज्या घराबद्दल वर्षात तीन फोन येतील, ते घर उपद्रवी. मालकाला दंड. भाडेकरूला बाहेर काढलं तर दंड माफ."

ताप मोजायचा बंद केला की रोगी बरा, असा हा प्रकार. पण हात सगळ्यांचे वर गेले, आणि पहिला हात व्हर्नाबाईंचा. त्यांच्या डोळ्यासमोर चेस्टनट स्ट्रीटवरचं नशा विकणारं घर होतं. नशा विकणारे स्वतःच्या घरी पोलीस बोलावतात थोडेच, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा ठराव आम्ही टाळ्या वाजवून मंजूर केला आणि वर व्हर्नाबाईंनी आणलेला अक्रोडाचा रोल खाल्ला.

आकडे धडाधड खाली आले. फलक लागला. नशेचं घर होतं तिथेच राहिलं.

ट्रॉय नावाचा माणूस शॉनाच्या आयुष्यात त्यानंतरच्या वसंतात आला. छपरं दुरुस्त करायचा. आल्या आल्या त्याने व्हर्नाबाईंच्याही छपराची पन्हळ फुकट साफ करून दिली. व्हर्नाबाई त्याला "बरा आहे हो पोरगा" म्हणाल्या, हे त्यांना पुढे फार चावलं. महिन्याभरात समोरच्या खिडकीतून पहिला आवाज आला, आणि व्हर्नाबाईंनी एका दमात फोन लावला. पोलिसांनी ट्रॉयला नेलं, एक रात्र ठेवलं, सोडलं. तो फुलं घेऊन परत आला. दुसऱ्या वेळी शॉनाने स्वतःच फोन केला, न्हाणीघरात कोंडून घेऊन. पुन्हा तेच. या खेपेला फुलंसुद्धा नव्हती.

मग गेब्हार्टची चिठ्ठी आली. आणखी एक फोन, की घर खाली.

शॉना व्हर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. एक डोळा सुजून बंद झालेला. व्हर्नाबाईंनी गोठवलेल्या मटारची पिशवी तिच्या हातात दिली.

"हाकल त्याला, बये! कसली वाट बघतेस?"

"हाकलला होता, मिस व्हर्ना. दार फोडून आला. आता दार फोडलं म्हणून पोलीस बोलावू, तर तो तिसरा फोन."

"मग कोर्टात जा."

"जाणार आहे. तारीख पडलीये. तोवर घर राहू दे मला. घर गेलं तर पत्ता गेला, पत्ता गेला तर मेसी गेली. यावेळी गेली तर परत नाही देणार ते." तिने पिशवी डोळ्यावरून काढली. "तुम्ही काहीही ऐकलंत तरी फोन करू नका. शपथ घ्या."

"असली शपथ मी घेत नसते."

"पीटची घ्या."

"वेडी आहेस का?"

"मिस व्हर्ना, मी मार खाऊ शकते. सवय आहे. मेसी नाही जाऊ देऊ शकत."

व्हर्नाबाईंनी शपथ घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तोंड दाबायला माणूस लागत नाही, नगरसभेचा ठरावही पुरतो.

पण गप्प बसतील तर त्या व्हर्नाबाई कसल्या. आवाज आला की त्या ताटलीत काहीतरी घालून शॉनाची घंटा वाजवायच्या. कधी कोबीचे रोल, कधी नुसतीच रिकामी वाटी. "साखर संपली गं!" दार उघडेपर्यंत घंटेवरचं बोट काढत नसत. ट्रॉयला नाइलाजाने दार उघडावं लागे आणि मग त्या दारातच पाय रोवून पीटच्या संधिवातापासून हवेपर्यंत सगळं सांगत बसत. तेवढ्यात त्याचा भर ओसरायचा. दोन-तीनदा हे जमलं. व्हर्नाबाईंना वाटलं, ही आपली जुनीच बस आहे, फक्त चाकं नाहीत.

मग एक दिवस ट्रॉय वाटी हातात घेऊन हसला. "म्हातारे, तुला मधुमेह आहे ना? शॉना सांगत होती. एवढी साखर खातेस, मरशील एक दिवस."

"मरेन तेव्हा मरेन. तू बाजूला हो."

"आणखी एकदा घंटा वाजली ना," तो तसाच हसत म्हणाला, "तर तू गेल्यावर तिला दुप्पट. मोजून घे."

व्हर्नाबाई रिकामी वाटी घेऊन घरी आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती म्हणून तिच्याशी कसं वागायचं ते त्यांना कळेना.

ती रविवारची दुपार होती. फुटबॉलचा मोठा सामना होता. सगळी गल्ली टीव्हीसमोर, जो तो चीज आणि चिप्स घेऊन बसलेला. समोरच्या खिडकीतून आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग शॉनाचा. मग भिंतीवर काहीतरी आपटल्याचा, एकदा, पुन्हा एकदा.

व्हर्नाबाई वाटी घेऊन दारापर्यंत गेल्या. दुप्पट म्हणाला होता. वाटी खाली ठेवली. फोन उचलला. पोलिसांचा ९११ लावायला नऊ दाबला, एक दाबला. बोट तिथेच राहिलं. मेसी डोळ्यासमोर आली, कुठल्यातरी परक्या घरात, पिशवीत कपडे घेऊन उभी. त्यांनी फोन ठेवला, परत उचलला, परत ठेवला. शॉनाने काहीतरी ओरडून म्हटलं, शब्द कळले नाहीत. व्हर्नाबाईंना ते ऐकवेना. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तरी ऐकू येत होतं, म्हणून आणखी वाढवला. मग कोबीची पानं काढून त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून रोल वळू लागल्या आणि समालोचकाचा प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणू लागल्या, खरं तर त्या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

केव्हातरी त्यांनी आवाज कमी करून पाहिला. समोर शांत होतं. ट्रॉयची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. झालं, सुटली, त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर हायसं वाटलं. शॉना झोपली असेल, झोपू दे तिला, सकाळी रोल नेऊन देऊ.

सकाळी दारावर टकटक झाली. मेसी होती. पाठीवर दप्तर, हातात कंगवा.

"मिस व्हर्ना, माझी वेणी घालता? आई उठत नाहीये आणि बस येईल."

"झोपलीये का अजून?"

"हो. जमिनीवर."

व्हर्नाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि वेणी घातली. रबर तीनदा हातातून निसटलं. बस आली, त्यांनी मेसीला बसमध्ये चढवलं, हात केला. बस वळेपर्यंत हात वरच होता. मग त्या शॉनाच्या घरात गेल्या. तिथून बाहेर येऊन आपल्या ओट्यावर बसल्या आणि फोन लावला.

"बोला मिस व्हर्ना, आज कुणाचा नंबर?"

तिकडून मुलगी दोनदा हॅलो म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, बाई रात्री उशिरापर्यंत जिवंत असावी. वेळेवर कुणी बोलावलं असतं तर. डॉक्टर नवीन होते, बाहेरगावचे. त्यांना आमचा कायदा माहीत नव्हता.

ट्रॉय दोन दिवसांत सापडला. मॅककॉर्ड टीव्हीवर आले, तोच इस्त्रीचा शर्ट. "हे घरगुती प्रकरण आहे. नागरिकांना कोणताही धोका नव्हता आणि नाही." ओट्याओट्यावर लोक म्हणाले, देवाची कृपा, बाहेरचा कुणी चोर नव्हता. हमरस्त्यावरचा फलक कुणी काढला नाही. काढायचं कारणच काय, एक खून आणि बाकी सगळं शांत.

तिसरा फोन मात्र नोंदला गेला. आठवड्याच्या शेवटी शॉनाच्या दारावर नोटीस चिकटली, तिच्या नावाने: उपद्रवामुळे घर खाली करावे. गेब्हार्टची माणसं सामान रस्त्याकडेला आणून टाकू लागली. व्हर्नाबाई धावत गेल्या.

"अरे माणूस आहेस की कोण? ती मेलीये!"

"मला काय हौस आहे, व्हर्ना?" गेब्हार्ट वरमून म्हणाला. "ठाण्यातून पत्र आलं. खाली केलं नाही तर दंड मला. आणि मेलेल्या माणसासाठी वेगळा नियम त्यांच्याकडे नाही, विचारलं मी. नियम तुम्हीच केलात ना? मी तर हातही वर केला नव्हता."

व्हर्नाबाई रस्त्यात पडलेली एक उशी उचलून ढिगावर ठेवून आल्या.

त्याच दुपारी सरकारी गाडीतून मेसी आली, सोबत एक बाई. मुलीला आणखी दूरच्या गावी ठेवणार होते, कपडे घ्यायला आणली होती. कपडे रस्त्याकडेच्या ढिगात होते. मेसी ढिगातून आपले मोजे शोधून पिशवीत टाकत होती. व्हर्नाबाई खाली बसून तिला मदत करू लागल्या. त्यांनी त्या बाईला विचारून पाहिलं होतं, पोरीला माझ्याकडे ठेवा. बाईने त्यांचं वय विचारलं, मधुमेहाचं विचारलं आणि नकारार्थी मान हलवली.

"मिस व्हर्ना," मेसी मोजे जुळवत म्हणाली, "आई सांगायची, बसमध्ये कुणी मारलं की तुम्ही बस थांबवायचात."

"हो गं, राणी."

"मग रविवारी तुम्ही घरी नव्हता का?"

व्हर्नाबाईंनी मोज्याची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

"नव्हते गं," त्या म्हणाल्या. "बाहेर गेले होते."

मेसीने विचार केला. तिला ते पटलं नाही, पण ती रागावलेलीही नव्हती, नुसतं चुकलेलं दुरुस्त करावं तसं म्हणाली, "पण तुमचा टीव्ही केवढ्यांदा चालू होता. आईला पण ऐकू आला. ती म्हणाली, टीव्ही चालू आहे, म्हणजे मिस व्हर्ना घरीच आहेत. घाबरू नकोस, त्या येतील."