काकांची ड्युटी

पूर्णा गावात आमच्या घरासमोरच्या गोदामाचा वॉचमन ट्रकवाल्यांना "ए" म्हणतो आणि गेटवरच्या कुत्र्याला "अहो काका". पिल्लू होतं तेव्हा त्याला "बाळ्या" म्हणायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "कुत्र्याचं एक वरीस म्हंजे आपली सात, आजी. आता ते माझ्यापेक्षा मोठे हायेत. मान नको द्यायला?"

पंचविशीत मीही अशीच विद्वान होते. पन्नाशी गाठली म्हणजे सासूबाई बहिऱ्या झाल्याच, असं धरून त्यांच्याशी ओरडून बोलायचे. त्यांना माझी स्वयंपाकघरातली कुजबुज तेवढी स्वच्छ ऐकू जायची.

काका मात्र खरंच बहिरे झाले. गोदामाच्या साहेबांनी बजावलं, "कुत्रा भुंकत नसेल तर हाकलून दे." वॉचमन "हो साहेब" म्हणाला. तेव्हापासून साहेबांची गाडी वळणावर दिसली, की तो खुर्चीखाली झोपलेल्या काकांना चपलेच्या टोकानं हळूच ढोसतो. काका डोळे न उघडताच भुंकतात. साहेब खूश! "अजून तिखट आहे हा!" गाडी आत गेली, की वॉचमन खाली वाकतो. "झाली ड्युटी, काका. झोपा."

ओट्यावर बसून मी पोटभर हसले. संध्याकाळी पाहुणे आले. सूनबाईनं माझ्या कोपराला हळूच हात लावला, तशी मी "या, या" म्हणाले. पाहुणे म्हणाले, "आजी अजून खणखणीत आहेत हो!"

बेल वाजलेली मला काही आठवत नाही. आणि तो कोपराला लागणारा हात, तो मला आजवर नुसती माया वाटत होता.