त्रिज्या औट

माझ्या बाळांनो,

परवा फोनवर धाकटा रागावून सांगत होता, "आजी, उत्तर बरोबर होतं, तरी मार्क कापले. रीत दाखवली नाही म्हणे." मी तेव्हा हसले. तिकडे तुमची रात्र झाली होती, म्हणून बोलणं आवरतं घेतलं. आता सविस्तर लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. नववीच्या एका वर्गाची वर्गशिक्षिकाही होते. त्या वर्गात दोंडाईच्याकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. मावशीकडे राहून शिकायची. तिच्या वडिलांनी जूनमध्येच मला बजावलं होतं, "बाई, एका विषयात जरी गेली तरी मी तिला घरी नेणार. मग दहावीचं नाव काढायचं नाही." माणूस कठोर नव्हता, पण बोलल्यासारखा वागणारा होता.

वार्षिक परीक्षेत ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली. गणितात तीन गुण कमी पडले. मी पेपर मागितला, तेव्हा गणिताचे सर, जळगावहून नुकतेच आलेले तरुण गृहस्थ, हसतच म्हणाले, "बघाच बाई, तुमच्या इंग्रजीचा प्रताप! वर्तुळाची त्रिज्या काढायला सांगितली, तर बाईसाहेबांनी लिहिलंय, 'आऊट'."

शिक्षकखोलीत हशा पिकला.

व्यास सात सेंटिमीटर दिला होता आणि क्षेत्रफळ विचारलं होतं. तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्रिज्या औट. क्षेत्रफळ ३८.५ चौ. सेंमी. पाच गुणांचा प्रश्न, मिळालं शून्य.

"पण उत्तर बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"तेच तर! त्रिज्या आऊट आणि उत्तर बरोबर. शेजारणीचं बघितलं, दुसरं काय?"

मी त्या शब्दाकडे बघत राहिले. मला गणितात फार गती नाही, पण साताचं निम्मं किती हे कळतं. मी मराठीच्या बाईंना विचारलं, "औटघटकेचं राज्य म्हणतो आपण, ते किती घटकांचं?"

"थोड्या वेळाचं," त्या म्हणाल्या.

"थोड्या म्हणजे किती?"

त्या विचारात पडल्या आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! साडेतीन!"

सरांचं हसू मावळलं, तरी ते हटले नाहीत. "शब्द कळला. पण मधलं गणित कुठंय? मी तिच्या डोक्यात शिरून गुण देऊ का?"

त्यांचं चूक नव्हतं. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. ती दारातच थबकली. सरांनी तोच प्रश्न घातला, फक्त व्यास चौदा केला.

"सोपं शे, सर," ती म्हणाली आणि लगेच उत्तर सांगितलं, "एकशे चोपन्न."

"बरं, सात घे. मोठ्यानं कर."

"औट औटे सव्वाबारा. त्याचा सातवा भाग पावणेदोन. ते बावीस वेळा, साडेअडतीस."

सर कागदावर पडताळत होते. त्यांचं पेन मागे पडलं होतं.

"कुणी शिकवलं?"

"आबांनी, माझ्या आजोबांनी. माले बठ्ठी औटकी पाठ शे, औटचा सगळा पाढा. म्हणून दाखवू?"

"नको, नको!" सर घाईनं म्हणाले, आणि ती पहिल्यांदा हसली.

त्यांनी चार गुण दिले. एक कापला. ती धीट झाली होती. "एक का कापला, सर?"

"सूत्र कोण लिहिणार, तुझे आबा? बोर्डाचा परीक्षक तुला असं बोलावून विचारणार नाही. त्याला कागदावर दिसेल तेवढंच तो मोजणार. पुढच्या वर्षी एकेक ओळ लिहायची. आणि औट नाही, ३.५."

निकालाला वडील आले. गणिताचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. "काठावर शे," ते म्हणाले. मी म्हटलं, "काठ म्हणजे अलीकडे नाही, पलीकडे." जाताना ते दहावीची पुस्तकं कुठं मिळतात ते विचारून गेले.

दहावीत तिनं प्रत्येक ओळ लिहिली आणि गणितात चांगले गुण मिळवले. तेव्हा रीत लिहीत जा, बाळा.

ती शाळा अजून आहे. उत्तर बरोबर आणि रीत नसेल, तर शून्य देण्याआधी मुलाला बोलावून विचारायचं, ही सरांनी तेव्हा घातलेली पद्धतही तिथं अजून चालू आहे.