रागाला जागा

भोंगेवाले चाचा माईक तपासताना कुणाला 'हॅलो हॅलो' म्हणू देत नसत. "मन्हाशी भांड," असं फर्मावत. शहाद्याकडच्या आमच्या सभांना जे आलेत, त्यांनी पाहिलंय: अध्यक्ष लाजत म्हणायचे, "चाचा, तुम्ही फार वाईट आहात." चाचा कपाळावर हात मारायचे. "यानं काय व्हई, साहेब? घरमा वरडतस तसं वरडा!"

त्यात अक्कल होती. तपासणीत माणूस गोड बोलतो, भाषणात पेटतो. गोड आवाजाच्या मापानं बटण लावलं की पेटलेला आवाज यंत्राला झेपत नाही, भोंग्यातून नुसती खरखर येते. त्यांच्या यंत्राच्या पेटीला तीन माईक, तीन बटणं. एकही अर्ध्यापुढे जात नसे. "तिन्ही घागरी एकच रांजणमा पडतस, भाऊ. काठोकाठ भरू नको. रागले जागा ठेव."

मला हा भित्रेपणा वाटे. आम्ही संघटनेची पत्रकं लिहिणारी पोरं. "आवाज वाढवा," मी दर सभेत ओरडे.

"तुन्हा पत्रकसारखं? समदं मोठं मोठं अक्षर! मंग माणूस वाचई काय?"

ब्राह्मणपुरीच्या सभेत सातपुड्यातली एक बाई उभी राहिली. भाराभर गवतासाठी तिच्या नवऱ्याला एका बागाईतदाराच्या राखणदारांनी मारून टाकलं होतं. मारायला कुणी सांगितलं, ते नाव ती प्रांतसाहेबांसमोर घेणार होती. साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. लांब चिंचेखाली जीपमध्येच बसून, भिली समजणारा कारकून शेजारी घेऊन ऐकत होते. म्हणे ऐकत होते!

तपासणीत ती भांडली नाही. चाचांकडे बघून नुसती उभी राहिली. मग बोलू लागली ती इतकं हळू, की चिंचेपर्यंत काही जाईना. चाचा बॅटरीची तार बघायला वाकले होते. मी तिच्या माईकचं बटण शेवटपर्यंत पिळलं.

त्याच क्षणी ती नवऱ्याच्या मरणापाशी पोचली आणि किंचाळली. भोंगे फाटल्यासारखे खरखरले. चाचांनी झेप घेऊन बटण खाली आणलं, तोवर नावासकट तिचं सांगून झालं होतं. ती पदर सावरून खाली बसली. कारकुनानं येऊन चाचांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेबांना काही समजलं नाही. तिच्या तोंडचं ऐकल्याशिवाय लिहिणार कसं?" आणि जीप धूळ उडवत गेली.

चाचांनी भोंगे उतरवून तारा गुंडाळल्या. चार दिवसांनी एकटेच डोंगर चढून तिच्या पाड्यावर गेले, तिला कचेरीत आणायला. आले ते एकटेच.

"ती म्हनस, मी साहेबसमोर नाव लिधं. आते परत कशाले?"

मी भडकलो. "मग सांगायचं ना तिला, कुणालाच ऐकू गेलं नाही म्हणून!"

"ते सांगनं मन्हा तोंडले नही उनं, भाऊ. त्या दिन बटण तू फिरावं. तूच सांग."

चाचा या उन्हाळ्यात गेले. ती बाई साहेबांच्या निकालाची वाट बघते आहे, असं पाड्यावरून येणारे सांगतात. मी अजून गेलेलो नाही.