तंगूस

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जपानी बाई कुठेही गेल्या की आधी दोरा शोधतात. इटलीतल्या एका लहान गावच्या संग्रहालयातली रंगीत मातीची ताटं इथं जपानात, उएनोला प्रदर्शनात आली, तेव्हा त्या माझ्या लेकीला घेऊन निघाल्या. मीही मागे लागले. ताटांवर घोडेस्वार, लिंबांच्या फांद्या, आणि बाई काचेला नाक लावून ताट कशानं बांधलंय ते बघतायत. मासे पकडायच्या तंगूसनं, दिसणारही नाही असं. मोठ्या भूकंपात त्यांच्या घरातलं एकही भांडं उरलं नाही, हे मला लेकीनं सांगितलं. माझ्याशी त्या फक्त हवेबद्दल बोलतात.

लेक मला जपानीतच उत्तरं देते, तीही एका शब्दात. बाईंशी मात्र तिच्या गप्पा संपत नाहीत. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला की तिलाही ती आजी न म्हणता जपानीत ‘बाचान’ म्हणते. आई हसून घेते.

गेल्या आठवड्यात बघते, तर देव्हाऱ्यातला गणपती, समई, सगळं तंगूसनं बांधलेलं. गाठी बाईंच्या हाताच्या, बारीक.

“मला विचारायचं तरी,” मी म्हणाले. लेकीनं खांदे उडवले.

काल जमीन हलली. समई जागची सरकली नाही. लेक टेबलाखाली मला बिलगून बसली होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. धक्के थांबले तशी ती चक्क मराठीत म्हणाली, “आई, वर आजी एकटीच आहे,” आणि अनवाणीच जिन्याकडे पळाली.